पुस्तक मिटून अभ्यास: परीक्षेची तयारी पायरीपायरीनं

फेब्रुवारी लागला की इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घराच्या ओट्यावर चपला वाढायला लागतात. एरवी आठवड्यातून दोनदा येणारी मुलं रोज येतात, वर मित्रांनाही घेऊन येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "काकू, कोर्स पूरा झालाय, फक्त रिवीजन राहिलंय." मी वाद घालत नाही. आतून एक कोरा कागद आणते, मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेते आणि सांगते, "बस. या धड्यातलं जे आठवतंय ते लिही. दहा मिनिटं."

पहिली दोन मिनिटं पेन भराभर चालतं. चौथ्या मिनिटाला मुलगा छताकडे बघायला लागतो. सातव्या मिनिटाला म्हणतो, "काकू, मला येत होतं, आत्ता आठवत नाहीये."

परीक्षेच्या हॉलमध्ये हेच होणार असतं. तिथेही पुस्तक नसतं, कागद कोरा असतो आणि आठवायचं आत्ताच असतं. म्हणून मी मुलांकडून सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करून घेते: पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमानं आहे ज्या क्रमानं आम्ही ओट्यावर करतो. मुलं बहुतेक दहावी-बारावीची, निम्मी सीबीएसईची आणि निम्मी मध्य प्रदेश मंडळाची. भंवरकुव्याला कोचिंगला जाणारी मोठी मुलंही अधूनमधून येतात. त्यांच्यासाठी लागेल तिथे वेगळं सांगितलंय.

आधी पेपर, मग पुस्तक

पहिली पायरी म्हणजे गेल्या वर्षीचा एक अख्खा पेपर सोडवणं, तेही अभ्यासाला हात लावण्याआधी. मुलं चक्रावतात. "काहीच येत नाही तर सोडवणार काय?" माहीत आहे नाही येणार. शिंपी कात्री लावण्याआधी माप घेतो, तसं हे माप. किती गुण पडले ते कुणाला सांगायचं नाही, मलाही नाही.

पेपर स्वतः तपासायचा आणि तपासताना गुणांची फोड समोर ठेवायची. सीबीएसई दरवर्षी नमुना प्रश्नपत्रिका आणि तिच्याबरोबर ही फोड आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकते. मुलं प्रश्नपत्रिका उतरवून घेतात, फोड उघडतसुद्धा नाहीत. खरा माल तिच्यातच आहे. कुठल्या पायरीला अर्धा गुण, कुठल्या पायरीला एक, हे तिथे छापलेलं असतं. शेवटचं उत्तर चुकलं तरी सूत्राचे आणि मांडणीचे गुण पदरात पडतात, हे मी शंभरदा सांगून पटत नाही, ती फोड एकदा पाहिली की पटतं.

दहावीचं गणितच घ्या. सीबीएसईचा लेखी पेपर ८० गुणांचा, प्रश्न ३८. त्यातले २० एकेका गुणाचे, ५ दोन गुणांचे, ६ तीन गुणांचे, ४ पाच गुणांचे आणि ३ एखाद्या प्रसंगावर बेतलेले, चार-चार गुणांचे. विषयवार वाटणी बघितली तर बीजगणित २०, भूमिती १५, त्रिकोणमिती १२, सांख्यिकी आणि संभाव्यता मिळून ११, क्षेत्रमापन १०, संख्याप्रणाली आणि निर्देशक भूमिती सहा-सहा. नमुना अधूनमधून हलतो, त्यामुळे चालू वर्षाचाच कागद काढा. पण ही वाटणी एकदा भिंतीवर चिकटवली की डोकं ताळ्यावर येतं. त्रिकोणमितीची धास्ती म्हणून महिनाभर तिच्यावरच बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांनीच सांख्यिकी-संभाव्यतेचे ११ गुण "सोपं आहे, शेवटी बघू" म्हणून बाजूला ठेवलेले. शेवटी म्हणजे आदल्या रात्री. त्या दोन धड्यांना एक आठवडा पुरतो.

पेपर तपासून झाला की एका पानावर तीन रकाने आखायचे: येतं, अर्धवट येतं, येत नाही. प्रत्येक धडा कुठल्यातरी रकान्यात बसवायचा. बहुतेकांचा मधला रकाना सगळ्यात लांब होतो. त्याचा आनंद मानावा, कारण कमी श्रमात जास्त गुण तिथेच आहेत. अजिबात न येणारा धडा शून्यापासून उभा करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तीन अर्धवट धडे पक्के होतात.

(जाता जाता: आपल्या मंडळाचं नाव 'माध्यमिक शिक्षा मंडल'. पुण्याहून आलेला माझा भाचा ती पाटी वाचून म्हणाला होता, "मामी, इथे शिक्षा द्यायला स्वतंत्र मंडळ आहे?" वेळापत्रक लागलं की मुलांनाही तसंच वाटतं.)

वेळापत्रक उलट्या बाजूनं

पेपरच्या तारखेपासून मागे मोजत या. समजा साठ दिवस आहेत. शेवटचे पंधरा दिवस पूर्ण पेपर सोडवण्यासाठी बाजूला काढा. उरले पंचेचाळीस. दर सातवा दिवस कोरा ठेवा, त्यात आठवड्याचं तुंबलेलं काम जाईल. म्हणजे हातात साधारण अडतीस-एकोणचाळीस दिवस. आता रकान्यांमधले धडे त्यांच्यात वाटा.

कोरा दिवस ठेवायला मुलं आणि त्यांच्याहून जास्त आईबाप कुरकुर करतात. पण आपलं गाव कुठलं आहे ते विसरू नका. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नांची वरात रात्री अकराला गल्लीतून डीजे वाजवत जाते. पेपर मार्चमध्ये लांबले की मध्येच होळी येते, आणि पाच दिवसांनी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक. राजवाड्यावर टँकरमधून रंग उडत असताना इंदूरचं पोर घरात बसून प्रकाशाचं परावर्तन वाचेल, असं ज्याला वाटतं त्यानं इंदूर पाहिलेलं नाही. तो दिवस आधीच कोरा धरा, दुपारी आंघोळ करून झोपू द्या, संध्याकाळी कागद-पेन. ठरवून घेतलेली सुट्टी महाग पडत नाही. चोरून घेतलेली पडते, कारण मग दोन दिवस अपराधी वाटण्यात जातात.

वेळापत्रकात तास लिहू नका, काम लिहा. "४ ते ६ विज्ञान" असं लिहिलं की दोन तास पुस्तकासमोर बसून उठता येतं आणि मनाला समाधानही मिळतं. "आम्ल-आम्लारी धडा, पुस्तक मिटून एक पान, आणि मागचे १० प्रश्न" असं लिहिलं की झालं किंवा नाही झालं, एवढंच उरतं.

कोरं पान

आता मूळ गोष्ट. तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, इथेही घालवणार आहे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी रसायनशास्त्राचं अख्खं पुस्तक पिवळ्या स्केचपेननं रंगवलं होतं. चार वेळा वाचलं. पेपरात प्रश्न आला तेव्हा मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, उत्तर डाव्या पानावर खालच्या बाजूला आहे हेही दिसत होतं. उत्तर तेवढं दिसेना. शंभरात अडतीस पडले. बरीच वर्षं मी त्याचं खापर कडक तपासणीवर फोडलं. मग मुलांना शिकवायला लागले आणि लक्षात आलं की मी पान ओळखायला शिकले होते, आठवायला शिकलेच नव्हते.

वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं मन आपल्याला गंडवतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं पुन्हा घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर. पाच मिनिटांनंतरचं ते पहिलं माप फार महत्त्वाचं आहे. रात्री चार वेळा वाचून झोपणाऱ्या मुलाला "मला येतंय" असं वाटतं ते खोटं नसतं, त्या क्षणाला त्याला खरंच येत असतं.

करायचं कसं, ते दहावीच्या इतिहासातल्या भारतातील राष्ट्रवादाच्या धड्यावर दाखवते.

आधी दोन-तीन पानं नीट वाचा, एकदाच, घाई न करता, हातात पेन न घेता. मग पुस्तक मिटा आणि उशीखाली किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर नको, हात आपोआप जातो. कोऱ्या कागदावर निळ्या पेननं आठवेल ते लिहा. वाक्यं सुंदर नकोत. एका मुलीचं पान असं होतं: रौलट कायदा, जालियनवाला, १९१९. मग असहकार. मग चौरीचौरा झालं आणि गांधीजींनी आंदोलन थांबवलं. दांडी, मीठ, १९३०. गोलमेज परिषद. एवढंच.

आता पुस्तक उघडा आणि लाल पेननं राहिलेलं भरा. तिच्या पानावर लाल शाईत आलं: जालियनवाला १३ एप्रिल १९१९. चौरीचौरा फेब्रुवारी १९२२. डिसेंबर १९२९ लाहोर अधिवेशन, पूर्ण स्वराज्य. दांडीयात्रा १२ मार्चला साबरमतीहून निघाली, ६ एप्रिलला मीठ उचललं. गांधी-आयर्विन करार ५ मार्च १९३१. निळ्यापेक्षा लाल जास्त, तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "हे लाल आहे ना, एवढाच तुझा अभ्यास. निळं तुला येतं, त्याच्यावर वेळ घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पुन्हा कोरं पान. लाल कमी होतं. तिसऱ्या वेळी मी कागद तसाच देते, पण प्रश्न बदलते. "गांधीजींनी आंदोलन थांबवलं हे लिहिलंस. का थांबवलं? काँग्रेसमधल्या तरुणांना काय वाटलं? मीठच का निवडलं, कापड का नाही?" सनावळ्या म्हणजे खुंट्या, त्यांच्यावर काहीतरी टांगायला हवं. पाच गुणांचा प्रश्न नेहमी 'का' आणि 'कसं' विचारतो. धडा संपला की स्वतःच असे पाच-सहा प्रश्न बनवून मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी उजळणी म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं देणं.

ही पद्धत सुरुवातीला त्रासाची वाटते. वाचणं म्हणजे उतारावरून सायकल आणि हे म्हणजे चढ. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं "काकू, माझ्यानं नाही होत, मी वाचूनच करतो" म्हणतात. तेवढा आठवडा रेटायचा.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी मोठ्यानं बोलावं. आजीला धडा शिकवावा. आजीनं मध्येच "म्हणजे काय रे?" विचारलं आणि आपल्याला सांगता आलं नाही, की नेमकी जागा सापडते.

घरची भाषा, पेपराची भाषा

आपल्या मुलांची एक अडचण पुण्या-नाशिकच्या पुस्तकात सापडणार नाही. घरात मराठी, गल्लीत आणि कोचिंगला हिंदी, आणि पेपर हिंदीत नाहीतर इंग्रजीत. डोक्यात विषय एका भाषेत शिरतो आणि कागदावर दुसरीत उतरवायचा असतो.

समजून घ्यायला घरची भाषा वापरा, त्यात कमीपणा नाही. आई किंवा आजोबा मराठीत समजावतात तेव्हा कल्पना पटकन बसते. पण कोरं पान लिहायचं ते मात्र पेपराच्या भाषेतच. नाहीतर हॉलमध्ये कल्पना येते आणि शब्द येत नाही.

शब्दांचे सापळे तर विचारू नका. मराठीत 'क्षार' म्हणजे मीठ या वर्गातली संयुगं. हिंदीच्या पुस्तकात त्यांना 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी. आजोबांनी प्रेमानं समजावलेलं सगळं बरोबर असून नातवाचं उत्तर उलटं झालेलं मी पाहिलंय. गणितात आपला 'छेद' हिंदीत 'हर', आपली 'मूळ संख्या' हिंदीत 'अभाज्य', लसावि म्हणजे 'लघुत्तम समापवर्त्य'. प्रत्येक विषयाच्या वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोडशब्दांची यादी करा. वीस-तीस शब्दांच्या वर जात नाही. (वहीला आपल्याकडे 'कॉपी' म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसमोर जपून बोला. "परीक्षेला कॉपी घेऊन गेलो होतो" हे वाक्य तिकडे भलतंच ऐकू येतं.)

उजळणी कधी

हर्मन एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच हवी. नंतरची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. थोडं विसरायला लागल्यावर ओढून आठवलं की ते घट्ट बसतं. एकाच दिवशी तीन वेळा घोकण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एकेकदा आठवणं कितीतरी चांगलं, वेळ तेवढाच जातो.

याचा हिशेब ठेवायला मिठाईचे तीन रिकामे डबे घ्या. व्याख्या, सूत्रं, रासायनिक समीकरणं, सनावळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या डब्यात, तो रोज काढायचा. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, तो दर तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आलं की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. चुकलं की कुठल्याही डब्यातून थेट पहिल्यात. ही मूळ कल्पना सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराची, १९७०च्या दशकातली. आमच्याकडे तिला 'सोनपापडी पद्धत' म्हणतात, कारण दिवाळीनंतर डबे तिचेच जास्त उरतात.

काही गोष्टी क्रमानंच पाठ लागतात, तिथे गावाचा रस्ता वापरा. धातूंची क्रियाशीलता श्रेणी आम्ही गांधी हॉलपासून सराफ्यापर्यंत चालत पाठ करतो. गांधी हॉलच्या घड्याळाखाली पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम. ही तिघं सगळ्यात भडक डोक्याची. कोठारी मार्केटला मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम. कृष्णपुऱ्याच्या पुलावर जस्त, लोखंड, शिसं आणि पुलाच्या टोकाला हायड्रोजन. पूल ओलांडून राजवाड्याकडे आलं की बर्तन बाजारात तांबं, मग पारा. शेवटी सराफ्यात चांदी आणि सोनं. पुलाच्या टोकाआधीचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, पुढचे नाही. आणि सोनं सराफ्यात का? कारण ते कशाशी सहजासहजी अभिक्रियाच करत नाही, वर्षानुवर्षं चकाकत राहतं, म्हणून तर दागिने त्याचे. ही यादी मुलं विसरत नाहीत, कारण रस्ता विसरता येत नाही.

गणितासाठी थोडं वेगळं

गणितात कोऱ्या पानाचा अर्थ असा: सोडवलेलं उदाहरण बघायचं, झाकायचं, स्वतः सोडवायचं. बहुतेक मुलं उत्तर 'वाचतात', मान डोलावतात आणि पुढे जातात.

दुसरं म्हणजे गणितं मिसळून सोडवा. एका बैठकीत वीसच्या वीस गणितं शंकूच्या घनफळाची केली, तर विसाव्याला डोकं चालतच नाही, हात चालतो. पेपरात कुणी सांगत नाही की हे शंकूचं आहे, ते ओळखणं हेच निम्मं काम. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात घनफळाच्याच गणितांवर हे दिसलं. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर येत होती, मिसळून करणाऱ्यांना ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. म्हणून धडा समजेपर्यंत सलग करा, पण समजल्यावर तीन धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि न बघता एकेक काढा.

चुकांची एक पातळ वही ठेवा. तीत अख्खं गणित उतरवायचं नाही. फक्त चूक कुठली ते एका ओळीत: "कंस सोडवताना उणे चिन्ह विसरले", "व्यास दिला होता, त्रिज्या समजलो", "एकक लिहिलं नाही". दोन आठवड्यांत लक्षात येतं की आपण चुका पन्नास करतो, पण प्रकार चार-पाचच आहेत. पेपराच्या सकाळी वाचायची वही हीच.

शेवटचे पंधरा दिवस

आता रोज किंवा एक दिवसाआड पूर्ण पेपर, खऱ्या वेळेला. सीबीएसईचा पेपर साडेदहाला सुरू होतो, सव्वादहाला प्रश्नपत्रिका हातात येते आणि पंधरा मिनिटं फक्त वाचायला मिळतात. घरीही तसंच करा. मोबाइल बंद, खुर्ची-टेबल, पाण्याची बाटली, मध्ये उठायचं नाही. रात्री दोनला जागून पेपर सोडवणाऱ्याचं डोकं सकाळी साडेदहाला जांभया देतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ८० गुण, १८० मिनिटं. गुणामागे दोन मिनिटं धरली तर १६० होतात आणि २० मिनिटं तपासायला उरतात. म्हणजे पाच गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटं. अकरावं मिनिट लागलं की जागा सोडून पुढे. मुलं इथेच अडकतात, एका हट्टी गणितावर पंचवीस मिनिटं घालवतात आणि शेवटचे तीन सोपे प्रश्न राहून जातात. वाचनाच्या पंधरा मिनिटांत पेपर फक्त चाळू नका, पर्यायी प्रश्नांतला कुठला घ्यायचा ते तेव्हाच ठरवा.

नीटवाल्यांसाठी, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांसाठी: १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ कापतात. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर ठोकून दिल्यावर सरासरी हाती पाव गुण लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, वेळ मात्र जातो. दोन पर्याय खात्रीनं कापता आले तर सरासरी दीड गुण, तिथे उत्तर द्यावं. नियम मनाशी असा धरा: निदान एक पर्याय 'का चूक' हे सांगता आलं तरच गोल भरायचा.

पेपर सोडवण्याइतकाच वेळ तो तपासायला द्या. ज्यांनी वीस पेपर सोडवले आणि एकही नीट तपासला नाही, त्यांनी त्याच चुकांचा वीस वेळा सराव केला.

झोप, मोबाइल, पोहे

इथे फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही. सात-आठ तास झोप हवीच, दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको, तिचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो. मोबाइल उलटा ठेवून चालत नाही, दुसऱ्या खोलीत जायला हवा. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठून चक्कर, हे बहुतेकांना जमतं. त्या पाच मिनिटांत रील बघू नका, पाच मिनिटांची पंचेचाळीस होतात.

आईबापांना एकच विनंती. "किती वाचलंस?" विचारू नका. "आज काय आठवून लिहिलंस, दाखव" असं विचारा, आणि लाल शाई बघून रागावू नका. शेजारच्या मुलाचे टक्के जेवताना काढू नका. तो विषय जिलबीबरोबरही कडूच लागतो.

आदला दिवस आणि पेपर

आदल्या संध्याकाळी नवीन काही उघडायचं नाही. चिठ्ठ्यांचा पहिला डबा, चुकांची वही, जोडशब्दांचं पान, बस. प्रवेशपत्र, दोन निळी पेनं, पट्टी, कंपास रात्रीच पिशवीत. केंद्र दुसऱ्या टोकाला असेल तर एक दिवस आधी रस्ता पाहून या. आपल्याकडे सकाळी कुठला चौक खोदलेला असेल सांगता येत नाही.

सकाळी नेहमीचंच खा. पोह्यांची सवय असेल तर पोहे, पण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन तिखट-गोड एकत्र करायचा तो दिवस नव्हे. केंद्राबाहेर घोळक्यात "तो प्रश्न केलास का?" चालू असतं, तिथून लांब उभं राहा.

पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं झालं, असं एकदा तरी होतं. घाबरू नका, कोरं पान तुम्ही महिनाभर रोज पाहिलंय. त्या प्रश्नातला जो एक शब्द ओळखीचा आहे तो प्रश्नपत्रिकेवर न लिहिता कच्च्या कामाच्या जागेत लिहा, त्याच्याशेजारी जे आठवेल ते. मिनिटभरात धागा लागला नाही तर जागा सोडा आणि येणारा प्रश्न घ्या. दोन प्रश्न सुटले की श्वास जागेवर येतो आणि अडलेलं पुष्कळदा आपणहून वर येतं. पूर्ण उत्तर आलं नाही तरी सूत्र लिहा, आकृती काढा, दिलेली माहिती मांडा. गुणांची फोड आठवा.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसू नका. गेल्या वर्षी आमच्या ओट्यावरच्या दोघांनी गणिताचा पेपर झाल्यावर स्कूटरवर बसल्या बसल्या उत्तरं जुळवली, दोघांची वेगळी आली, संध्याकाळभर भांडले आणि दुसऱ्या दिवशी कळलं की एकाच्या हातात वेगळ्या संचाचा पेपर होता. घरी या, जेवा, तासभर झोपा. उठल्यावर पुढच्या विषयाचा कोरा कागद घ्या. ओट्यावर या हवं तर, चहा मी करते, पुस्तक मात्र पिशवीतच राहू द्या.